मंद आवाजात ऐकायचा जॅझ: कुणाला ऐकावं आणि का

घरून काम करणारे, रात्री अभ्यासाला बसणारे, रविवारी सकाळी निवांत पेपर वाचणारे बरेच लोक हल्ली इंटरनेटवर ‘रिलॅक्सिंग जॅझ’ असं शोधतात. समोर येतात ते आठ-आठ, दहा-दहा तासांचे व्हिडिओ. खिडकीबाहेर पाऊस, टेबलावर कॉफीचा कप आणि मागे पियानोचं गुळगुळीत, न संपणारं वादन. कोण वाजवतंय, कधी आणि कुठे वाजवलं, काहीही लिहिलेलं नसतं. त्या संगीताचा त्रास होत नाही हे खरं, पण जरा लक्ष देऊन ऐकायला गेलात तर हाती काहीच लागत नाही.

हे मला फार खटकतं. कारण काम करता करता ऐकायला सगळ्यात चांगला जॅझ हा त्या परंपरेतल्या अव्वल वादकांनीच वाजवून ठेवलेला आहे. त्यातला बराचसा १९५६ ते १९६४ या आठ-नऊ वर्षांतला आहे आणि तो त्या व्हिडिओंइतक्याच सहज मिळतो. हळू वाजवणं, कमी स्वरांत म्हणणं मांडणं, दुसऱ्याला जागा देणं हे जॅझमधलं अवघड काम. ज्यांना ते साधलं त्यांचं संगीत मंद आवाजातही तगतं. तुम्ही कामात बुडालेले असाल तर ते मध्ये येत नाही आणि मान वर करून ऐकलंत तर तिथे काहीतरी खरं चाललेलं असतं. अल्बम निवडताना मी हीच कसोटी लावतो.

आत काय चाललेलं असतं

नवख्या कानाला जॅझ गोंधळाचा वाटतो, कारण मूळ धून कुठे संपली आणि वादकानं स्वतःचं कुठे सुरू केलं तेच कळत नाही. शास्त्रीय संगीताच्या चार मैफली ऐकलेल्या माणसाला मात्र ही रचना लवकर उमगते. सुरुवातीला सगळे मिळून धून वाजवतात. ती आपली बंदिश. ती बहुतेक वेळा ३२ किंवा १२ बारची असते आणि एका बारमध्ये साधारण चार मात्रा असतात. ३२ बार म्हणजे १२८ मात्रांचं एक लांबच लांब आवर्तन. धून एकदा वाजून झाली की तेच आवर्तन पुन्हा पुन्हा फिरतं आणि एकेक वादक त्यावर त्या क्षणी सुचेल ते वाजवतो. सगळ्यांचं झालं की परत धून आणि समाप्ती. एवढा आराखडा डोक्यात असला तरी अर्धा गोंधळ जातो.

मोठा फरक आहे तो तानपुऱ्याचा. आपल्याकडे षड्ज हलत नाही, राग त्याच्या आधारानं उलगडतो. जॅझमध्ये आवर्तनाच्या खालचे कॉर्ड (एकदम वाजवलेले तीन-चार स्वर) सतत बदलत असतात, कधी दर बारला एक, कधी एका बारमध्ये दोन. वादकाला त्या सरकत्या जमिनीवर तोल सांभाळत धावायचं असतं. १९४० च्या दशकात सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यांनी हा खेळ टोकाला नेला. मिनिटाला तीनशेच्या आसपास मात्रा आणि खाली धडाधड बदलणारे कॉर्ड. त्याला बीबॉप म्हणतात. ते संगीत थोर आहे, पण ते लावून ईमेल लिहिता येत नाही.

शांत जॅझचा रस्ता या बीबॉपमधूनच फुटला. माइल्स डेव्हिस नावाचा तरुण ट्रम्पेटवादक पार्करच्याच गटात वाजवत असे. १९४९-५० मध्ये त्यानं नऊ जणांचा गट घेऊन काही रेकॉर्डिंग केली. आवाज संयत, कंप कमी, सगळ्यांचा मेळ नीट आखलेला. नंतर ती रेकॉर्डिंग ‘बर्थ ऑफ द कूल’ या नावानं एकत्र निघाली आणि ‘कूल’ हे या ढंगाचं नावच पडलं. माइल्सच्याही आधी टेनर सॅक्सोफोनवाला लेस्टर यंग तसा हलका, हवेशीर आवाज काढत होता. पुढच्या कितीतरी शांत सॅक्सोफोनवाल्यांची मुळं त्याच्यात आहेत.

‘काइंड ऑफ ब्लू’ आणि काफी थाट

एकच अल्बम सांगा, असं कुणी म्हणालं तर उत्तर ठरलेलं आहे: माइल्स डेव्हिसचा ‘काइंड ऑफ ब्लू’. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोनच दिवसांत न्यूयॉर्कमध्ये, एका जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेल्या स्टुडिओत तो रेकॉर्ड झाला. ट्रम्पेटवर माइल्स, सॅक्सोफोनवर जॉन कोलट्रेन आणि कॅननबॉल ॲडर्ली, पियानोवर बिल एव्हान्स (एका रचनेत विंटन केली), डबल बेसवर पॉल चेंबर्स आणि ड्रमवर जिमी कॉब.

सगळे शिफारस करतात म्हणून तो लावावा, असं मी म्हणणार नाही. तो शांत का वाटतो याचं कारण नेमकेपणानं सांगता येतं. माइल्सनं इथे सरकती जमीन थांबवली. पहिली रचना ‘सो व्हॉट’ घ्या. तिच्या ३२ बारच्या आवर्तनात पहिले १६ बार एकच स्वरमालिका आहे. पुढचे ८ बार तीच मालिका अर्धा सूर वर सरकते आणि शेवटचे ८ बार परत खाली येते. बस्स. त्या मालिकेला पाश्चात्त्य संगीतात डोरियन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध, म्हणजे थेट काफी थाट. त्यामुळे मराठी कानाला ‘सो व्हॉट’ परका वाटत नाही. वादक एका स्वरसमूहात रमतो, घाई करत नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काफी रागाची चलन-पकड तिथे शोधू नका, ती नाही. स्वर मात्र तेच आहेत.

रचना सुरू होते तेव्हा पियानो आणि बेस अर्धा मिनिट काहीतरी अस्पष्ट, लयीशिवाय वाजवतात. मग बेस धून उचलतो आणि बाकीचे दोन स्वरांत त्याला उत्तर देतात. खालच्या पट्टीतल्या बेसनं बोलायचं आणि ट्रम्पेट-सॅक्सोफोननं नुसता हुंकार भरायचा, हे तेव्हा नवीन होतं. अल्बममधली ‘ब्लू इन ग्रीन’ ही सगळ्यात संथ रचना. माइल्स तिथे ट्रम्पेटच्या पुढच्या रुंद तोंडात हार्मन म्यूट नावाचा धातूचा बूच लावून वाजवतो, त्यामुळे आवाज बारीक आणि कानाशी बोलल्यासारखा येतो. शेवटच्या ‘फ्लॅमेंको स्केचेस’मध्ये तर ठरलेली धूनच नाही. पाच स्वरमालिका एकामागून एक घ्यायच्या आणि प्रत्येकीत मन भरेपर्यंत थांबायचं. पूर्ण अल्बम पाऊण तासाचा आहे, म्हणजे कामाची एक बैठक.

कोणता आवाज मागे राहतो

अल्बम निवडताना ‘रिलॅक्सिंग’ या लेबलापेक्षा वाद्यांकडे बघावं. ड्रमवाला काठ्यांऐवजी तारांचे ब्रश वापरत असेल तर मात्रा टोचत नाहीत, ड्रमच्या कातड्यावर एक सलग सळसळ चालू राहते. ट्रम्पेट उघडा वाजला की तो खोलीतल्या प्रत्येकाचं लक्ष मागतो, म्यूट लावलेला ट्रम्पेट मागत नाही. गिटार, पियानो आणि व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांचं वाद्य, वाजवायच्या दांड्यांच्या टोकाला दोऱ्याची गुंडाळी असते) हे मागे राहू शकणारे आवाज. गटात तिघे-चौघे असले तर बरं, पंधरा जणांचा बँड नको.

शब्दांचंही आहे. वाचताना किंवा लिहिताना समजणाऱ्या भाषेतलं गाणं चालू असेल तर डोकं त्या शब्दांमागे जातं. स्वयंपाक करताना किंवा कपडे घड्या करताना तेच गाणं सोबत करतं. म्हणून गायनाचे अल्बम मी हातानं करायच्या कामांसाठी ठेवतो आणि वाचायच्या कामासाठी वादन.

पियानोवाले

शिकागोतल्या पर्शिंग हॉटेलच्या लाउंजमध्ये १९५८ च्या जानेवारीत अहमद जमालनं आपल्या त्रिकुटासह वाजवलं, त्याचा अल्बम म्हणजे ‘ॲट द पर्शिंग: बट नॉट फॉर मी’. लाउंज म्हणजे लोक खात-पीत, गप्पा मारत बसलेले असतात अशी जागा. जमालला अशा लोकांसमोर वाजवायचं होतं आणि त्यानं ते कमीपणाचं मानलं नाही. तो धुनेतले निम्मे स्वर गाळतो. तुम्ही पुढचा स्वर मनात म्हणता आणि तो मात्र थांबलेला असतो. मागे इस्रायल क्रॉस्बीचा बेस आणि व्हर्नेल फोर्निएचा ड्रम इतके हलके चालतात की ती मोकळी जागा कधी रिकामी वाटत नाही. हा अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या यादीत शंभराहून अधिक आठवडे टिकला. तेव्हाचे काही समीक्षक जमालला कॉकटेल पियानोवाला म्हणून झटकून टाकत. माइल्स डेव्हिस मात्र उघडपणे सांगत असे की जागा सोडायला तो जमालकडून शिकला. पार्श्वसंगीत आणि थोर संगीत यांत भिंत नसते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. त्यातली आठ मिनिटांची ‘पॉइन्सियाना’ एकदा तरी नुसती बसून ऐका. जमाल २०२३ मध्ये, ९२ व्या वर्षी गेले.

बिल एव्हान्सचं प्रकरण वेगळं. २५ जून १९६१, रविवार. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधला तळघरातला क्लब, व्हिलेज व्हॅनगार्ड. एव्हान्सच्या त्रिकुटानं दुपार ते रात्र पाच बैठका वाजवल्या आणि त्यातून दोन अल्बम निघाले: ‘संडे ॲट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’. दुसऱ्यातली डेबी ही एव्हान्सची पुतणी. नीट ऐकलंत तर ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. म्हणजे तिथेही अर्धे लोक हे संगीत मागे चालू ठेवूनच बसले होते!

या त्रिकुटात साथ आणि मुख्य वादन असा भेद राहिला नाही. बेसवाला स्कॉट लाफारो नुसता ठेका धरत नाही, तो पियानोशी सवाल-जवाब करतो. ड्रमवाला पॉल मोशन कधी ब्रशनं एखादी मात्रा नुसती सुचवून सोडून देतो. तिघांपैकी कुणीही कुणाच्या वर चढत नाही. या बैठकांनंतर ११ दिवसांनी, ६ जुलैला लाफारो मोटार अपघातात गेला. वय २५. एव्हान्सनं त्यानंतर कित्येक महिने जाहीर वादन केलं नाही. हे माहीत झाल्यावर ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ मला नुसता मागे लावता येत नाही, कुठेतरी काम थांबतंच. तुमचंही थांबलं तर थांबू द्या.

एव्हान्सचाच जिम हॉल या गिटारवाल्याबरोबरचा ‘अंडरकरंट’ (१९६२) फक्त पियानो आणि गिटार यांचा आहे. हे दोघे एकाच पट्ट्यात वाजणारे आवाज, एकमेकांच्या पायात पाय अडकायची भीती सतत. अडकत नाहीत, ही त्यातली गंमत.

कीथ जॅरेटचा ‘द केल्न कॉन्सर्ट’ सर्वांना ठाऊक असतो. २४ जानेवारी १९७५ ला जर्मनीतल्या कोलोनच्या ऑपेरागृहात, आयोजक मुलगी १८ वर्षांची आणि मंचावर आलेला पियानो भलताच, वरचे सूर किरटे. त्यानं मधल्या सप्तकात राहून, डाव्या हातात एकच आकृती पुन्हा पुन्हा घोळवत तासाभराहून अधिक वाजवलं, तेही काहीही आधी न ठरवता. पहिला भाग कामाला छान चालतो. पण मध्येमध्ये तो कण्हतो, ओरडतो, पाय आपटतो, काहींना ते सहन होत नाही. त्यांनी १९९९ चा ‘द मेलडी ॲट नाइट, विथ यू’ घ्यावा. दीर्घकाळच्या थकव्याच्या आजारातून सावरताना जॅरेटनं तो घरच्या स्टुडिओत एकट्यानं वाजवला. जुन्या गाण्यांच्या धुना आहेत, फारशा ताना-पलट्यांशिवाय, जशाच्या तशा.

फुंकून वाजवायची वाद्यं

टेनर सॅक्सोफोन ऐकायला शिकायचं असेल तर बेन वेब्स्टरपासून शिका. १९०९ मध्ये कॅन्सस सिटीत जन्मलेला हा माणूस ड्यूक एलिंग्टनच्या बँडमध्ये गाजला. उडत्या लयीत तो गुरगुरायचा आणि संथ लयीत त्याचा स्वर संपता संपता नुसता श्वास उरायचा. ‘बेन वेब्स्टर मीट्स ऑस्कर पीटरसन’ (१९५९) मध्ये ते स्पष्ट ऐकू येतं: सूर विरतो आणि नळीतून हवा जाताना कळते. पीटरसन हा एरवी पियानोवर स्वरांचा पूर आणणारा. इथे तो थोरल्या वादकासाठी हात आवरून वाजवतो आणि मला तो असाच जास्त आवडतो.

जॉन कोलट्रेनचं नाव ऐकून पुष्कळ लोक बिचकतात, कारण त्याचं शेवटच्या वर्षांतलं वादन खरोखरच वादळी आहे. त्याच कोलट्रेननं आपल्या नेहमीच्या साथीदारांना घेऊन १९६३ मध्ये जॉनी हार्टमन या गायकाबरोबर एक अल्बम केला. सहा गाणी, अर्ध्या तासाच्या आसपास. हार्टमनचा आवाज खर्जातला, मखमली, शब्द सावकाश. तो थांबतो तिथून कोलट्रेन पुढे नेतो. कोलट्रेनचा ‘बॅलड्स’ हाही तसाच सौम्य, त्यात गाणं नाही, म्हणून तो वाचनाला चालेल.

मग पॉल डेझमंड. डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीतला ऑल्टो सॅक्सोफोनवाला, ‘टेक फाइव्ह’ ही रचना त्याची. ती पाच मात्रांत आहे, तीन आणि दोन अशी मोजायची. आपल्याला साडेसात-साडेनऊ मात्रांचेही ताल माहीत असतात, तेव्हा पाचात आपण अडणार नाही. अमेरिकेत १९५९ साली मात्र चार मात्रा सोडून बाहेर जाणं धाडस होतं. ‘टेक फाइव्ह’ ज्यात आहे त्या ‘टाइम आउट’ अल्बममधली दुसरी प्रसिद्ध रचना ‘ब्लू रोंडो’ नऊ मात्रांची आहे, २-२-२-३ अशी. ही मांडणी ब्रुबेकनं तुर्कस्तानात रस्त्यावर वाजवणाऱ्यांकडून उचलली. १९५८ मध्ये अमेरिकी परराष्ट्र खात्यानं त्याच्या चौकडीला दौऱ्यावर पाठवलं होतं. त्याच दौऱ्यात ते भारतातही आले आणि मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर ब्रुबेक वाजवायला बसला.

‘टाइम आउट’ उत्साही आहे. त्याहून शांत डेझमंड हवा असेल तर जिम हॉलच्या गिटारबरोबरचा ‘ग्लॅड टू बी अनहॅपी’ ऐका. पियानो नाही, ड्रमवर कॉनी के, आणि वर डेझमंडचा तो कोरडा, स्वच्छ, कधीही न चढणारा सूर. मृत्युपत्रात त्यानं ‘टेक फाइव्ह’चं मानधन अमेरिकन रेड क्रॉसला दिलं. १९७७ मध्ये तो गेला, तेव्हापासून जगात कुठेही ती रचना वाजली की पैसे तिकडे जातात.

ब्राझील, गिटार आणि गाणी

स्टॅन गेट्झ हा लेस्टर यंगच्या वळणाचा सॅक्सोफोनवाला. मार्च १९६३ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं ब्राझीलच्या झुआँव जिल्बेर्तोबरोबर ‘गेट्झ/जिल्बेर्तो’ रेकॉर्ड केला. पियानोवर अंतोनियो कार्लोस जोबिम, बहुतेक रचना त्याच्याच. झुआँव गिटार वाजवत जवळपास कुजबुजल्यासारखा गातो. सांबाचा सगळा दणदणाट त्यानं गिटारच्या सहा तारांत आणून ठेवला, त्यालाच बोसा नोव्हा म्हणतात. त्याची बायको ॲस्ट्रूड तेव्हा २२ वर्षांची, व्यावसायिक गायिका नव्हती. ‘द गर्ल फ्रॉम इपनीमा’मधलं इंग्रजी कडवं तिनं गायलं आणि तेच जगभर गेलं. वर्षातला सर्वोत्तम अल्बम म्हणून ग्रॅमी मिळवणारा हा पहिला जॅझ अल्बम. पोर्तुगीज शब्द आपल्याला कळत नाहीत, त्यामुळे गाणं असूनही तो कामात फारसा अडथळा आणत नाही.

रात्री उशिरासाठी केनी बरेलचा ‘मिडनाइट ब्लू’ (१९६३). गिटार, टेनर सॅक्सोफोन, बेस, ड्रम आणि रे बरेटोचे काँगा (हातानं वाजवायचे उंच ढोल). बरेलनं पियानो मुद्दाम ठेवला नाही, त्यामुळे गिटारभोवती भरपूर मोकळी हवा आहे. रचना बहुतेक ब्लूज या अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या गाण्याच्या १२ बारच्या बांधणीतल्या, म्हणून समजायला सोप्या.

मॉडर्न जॅझ क्वार्टेटचा ‘जँगो’ ज्यांना नीटनेटकं, घरंदाज वादन आवडतं त्यांच्यासाठी. चार्ली हेडन आणि पॅट मेथिनी यांचा ‘बियाँड द मिसूरी स्काय’ (१९९७) नंतरच्या काळातला, बेस आणि गिटार, दोघेही मिसूरीत वाढलेले. तो मी प्रवासात ऐकतो.

घरात लहान-मोठे सगळे असतील आणि कुणालाही जॅझचा गंध नसेल तर ‘एला अँड लुई’ (१९५६) लावा. एला फिट्झजेरल्डचा स्वच्छ गळा आणि लुई आर्मस्ट्राँगचा खरखरीत. मागे पीटरसनचं त्रिकूट आणि ड्रमवर बडी रिच. हा रिच एरवी तोफखान्यासारखा वाजवणारा, इथे मात्र तो ब्रशवर अदबीनं चालतो.

हा आवाज आपल्याकडे पोचला होता

मराठी माणसाच्या कानावर जॅझ पडलाच नाही असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जॅझवादक येऊन वाजवत होते. टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक त्यांतला मोठा. गोव्याच्या चर्चशाळांतून स्वरलेखन वाचायला शिकलेले तरुण मुंबईत आले आणि या लोकांजवळ बसून मनानं वाजवायला शिकले. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावानं ट्रम्पेटवर गाजला. पुढे तो सी. रामचंद्रांचा, म्हणजे आपल्या पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचा, साहाय्यक झाला. १९५१ च्या ‘अलबेला’तल्या उडत्या गाण्यांत जो ट्रम्पेट आणि जो झोक ऐकू येतो, तो या वाटेनं आला. आपल्या आजी-आजोबांनी त्यावर मान डोलावलेली आहे. पुढे १९७८ मध्ये मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ भरली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक धोबी तलावच्या रंगभवनात उघड्या आकाशाखाली वाजवून गेला.

लावताना एवढं बघा

फोनच्या स्पीकरवर जॅझ लावू नका, हे मी अगदी कळकळीनं सांगतो. डबल बेसची सगळ्यात खालची तार साधारण ४१ हर्ट्झवर वाजते. फोनचा चिमुकला स्पीकर त्याच्या आसपासही पोचत नाही. म्हणजे पॉल चेंबर्स, लाफारो, क्रॉस्बी यांचं वजनच गायब आणि वर उरतो तो पियानोचा नुसता टणत्कार. ज्या वाद्यावर बाकीचे उभे आहेत तेच नसेल तर शांत वाटायचं कसं? साधा ब्लूटूथ स्पीकर किंवा बऱ्यापैकी हेडफोन पुरतो. एकाच कानात इअरफोन घालून कामं करायची सवय असेल तर आणखी एक घोटाळा होतो: त्या काळच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये बऱ्याचदा एक वाद्य पूर्ण एका बाजूला असतं आणि तेवढा वादक तुम्हाला ऐकूच येत नाही. फोनमधली ‘मोनो’ची, म्हणजे दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करायची, सोय चालू करा.

स्ट्रीमिंगवर जुन्या अल्बमांना बरेचदा जास्तीचे तुकडे जोडलेले असतात. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’त मुळात सहाच रचना होत्या. आता त्याच रचनांची दुसरी वादनं मध्ये किंवा शेवटी येतात आणि लागोपाठ एकच धून दोनदा लागते. मूळ क्रमाची यादी एकदा स्वतः करून ठेवावी. अल्बम संपल्यावर ॲप आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावतं, तेही बंद ठेवा. अल्बम संपला की शांतता झाली तर बिघडत नाही.

काही थोर गोष्टी मात्र मागे लावायच्या नाहीत. बेसवाला चार्ली मिंगस याचे मोठे अल्बम, कोलट्रेनचा ‘असेन्शन’, माइल्सचाच १९७० चा ‘बिचेस ब्रू’. ‘काइंड ऑफ ब्लू’ आवडला म्हणून त्याच नावाच्या भरवशावर ‘बिचेस ब्रू’ लावलात तर दचकाल. त्यांच्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवा.

आणि पुढचा अल्बम शोधताना मुखपृष्ठावरच्या नावापेक्षा आतली बेसवाल्याची आणि ड्रमवाल्याची नावं बघा. शांत संगीताचा पोत तेच ठरवतात. ‘काइंड ऑफ ब्लू’मधले चेंबर्स, कॉब आणि विंटन केली पुढे वेस माँटगोमेरी या अंगठ्यानं गिटार वाजवणाऱ्या वादकाबरोबर ‘स्मोकिन ॲट द हाफ नोट’ (१९६५) मध्ये भेटतात, जरा गरम, पण तितकेच सुबक. वेब्स्टरच्या अल्बममधले रे ब्राउन आणि एड थिगपेन हवे असतील तर ऑस्कर पीटरसनचा ‘नाइट ट्रेन’ लावा. आधी त्यातलं ‘सी जॅम ब्लूज’ ऐका. सगळी धून मिळून स्वर फक्त दोन आहेत.